दमा घेऊन दिवेआगरला

दिवेआगरला आहे तरी काय, असे मला परत आल्यापासून जो तो विचारतो. पुण्याच्या माणसाला महाबळेश्वर समजते, काशी-रामेश्वर समजते. पण आगबोटीने, मग होडीने आणि मग बैलगाडीने जावे लागणाऱ्या गावी कुणी महिनाभराहून अधिक राहून येते, हे काही त्याला समजत नाही. म्हणून एकदाच सगळे लिहून काढते. विचारणाऱ्याच्या हाती हे कागद दिले की माझा श्वास वाचेल. आणि श्वास वाचवणे ही माझ्या बाबतीत थट्टेची गोष्ट नव्हे, त्यासाठीच मी गेले होते.

मला दमा आहे. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. यजमान गेल्यावर ट्रेनिंग कॉलेज पुरे केले आणि तेव्हापासून ही नोकरी हेच माझे घरदार झाले. गेल्या पावसाळ्यात मात्र कविता म्हणता म्हणता मला वर्ग सोडून व्हरांड्यात पळावे लागू लागले. खांबाला धरून उभी राहायची, छातीत शिट्ट्या वाजायच्या आणि आत मुली कुजबुजायच्या. आमच्या मोठ्या बाई कडक, पण न्यायाच्या. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितले, "दिवाळीच्या सुट्टीला जोडून बिनपगारी रजा घ्या. परत आलात की मी तुमच्या वर्गात येऊन बसेन. तास पुरा घेता आला तर उत्तम. नाही तर मला दुसरी शिक्षिका बघावी लागेल."

दुसरी शिक्षिका आली की मी दिरांच्या घरी जायचे, हे ठरलेलेच होते. दीर वाईट नाहीत, जाऊही वाईट नाही. पण त्या घरात दम्याशिवायसुद्धा माझा जीव कोंडतो. तेव्हा काहीही करून छातीचे हे खटारे दुरुस्त करायचे, असा मी हट्टच धरला. शाळेतल्या एका सोबतिणीचे काका दिवेआगरला योग शिकवतात, त्यांच्याकडे जाऊन दोघांचा दमा आणि एकाची पोटदुखी आटोक्यात आली, असे कळले. मी आसने, प्राणायाम वगैरे शब्द वर्तमानपत्रात वाचले होते. बुडत्याने जे हाताला लागेल ते धरावे, तसे मी ते धरले.

दिघी बंदर

मुंबईहून आगबोट निघाल्यावर मी काय काय ओकले ते सांगून वाचकांचे जेवण बिघडवत नाही. दिघीच्या खाडीत बोट लांबच उभी राहते. तिथून होडीत उतरायचे. होडीही काठाला लागत नाही, गुडघाभर पाण्यात थांबते. पुढे खलाशी उतारूंना उचलून कोरड्यावर नेऊन ठेवतात. माझ्यापुढचे एक जाडेजुडे सावकार दोघांच्या हातांच्या पाळण्यात बसून मोठ्या ऐटीत गेले. माझी पाळी आली तशी मी म्हणाले, "मला हात लावायचा नाही. मी चालत येईन."

खलाशी हसला आणि बाजूला झाला. मी लुगडे सावरून पाण्यात पाय टाकला आणि तो गुडघ्यावर न थांबता कमरेपर्यंत गेला. पुण्याचा ताठा भिजून चिंब झाला. काठावर एक उंच, काळीसावळी, धट्टीकट्टी बाई कमरेवर हात ठेवून हे सगळे बघत होती. तिने तिथूनच आवाज दिला, "मास्तरीनबाय तुमीच ना? माईंनी धाडलंय मला. गाडी हाय वर. अवो, तितं खड्डा हाय, हिकडनं या!"

ही जानकी. माई म्हणजे माझ्या सोबतिणीच्या काकू, त्यांच्या घरी वाडीत कामाला येणारी कुणब्याची बाई. तिचा आवाज ऐकून मला पहिल्याप्रथम हेवा वाटला. एवढा श्वास एका माणसाजवळ असतो, आणि तो ती असा रस्त्यावर उधळते! गाडीत बसल्यावर तिने आपले कोरडे फडके मला गुंडाळायला दिले आणि वाटेतले बोर्ली गाव येईपर्यंत सबंध वाट ती बोलत होती. मी मान हलवत होते, कारण माझ्या छातीत शिट्टी सुरू झाली होती. भाताची कापणी आटपत आली होती. कापलेल्या खाचरांतून बगळे फिरत होते, आणि संध्याकाळच्या उन्हात सगळी वाट पिवळी दिसत होती. हे मला पुढे आठवले. त्या वेळी मी फक्त पुढच्या श्वासाची वाट बघत होते.

दिवेआगर

नारळी-पोफळीच्या दाट वाडीत घर. पाटाचे पाणी अखंड वाहते आणि त्याचा आवाज घरात येतो. पुण्यात पाणी नळातून येते आणि त्याचा आवाज म्हणजे शेजारणींचे भांडण, म्हणून पहिले दोन दिवस मला चुकल्यासारखे झाले. जेवणात तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, केळफुलाची भाजी आणि प्रत्येक पदार्थात नारळ. आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारतात आणि तो "नको" म्हणेल अशी आशा धरतात. इथे विचारतच नाहीत, शहाळे फोडून हातात देतात.

घरात दोघेच. अण्णा, म्हणजे सोबतिणीचे काका, मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आता निवृत्त. घाटावर बदलीला असताना पोटाच्या विकाराने अगदी वाळून गेले होते. तिथे एका बैराग्याने त्यांना आसने शिकवली, त्यानंतर एक दिवस चुकला नाही. सत्तरीला आले आहेत, पण बसतात तेव्हा पाठीला जणू पट्टी लावलेली असते. माई त्यांच्या उलट. चुलीपुढे वाकून वाकून कमरेत बाक आलेला, आणि सदा हसऱ्या.

अण्णांनी मला बसायला पाट दिला आणि स्वतः अंगणाकडे बघत म्हणाले, "समुद्राची हवा घ्या. शहाळी प्या. माईंच्या हातचे खा. तेवढ्याने पुष्कळ बरे वाटेल. योग मी बायकांना शिकवत नाही."

एवढा प्रवास, एवढे ओकणे, कमरेइतके पाणी, आणि हे! माझे डोकेच फिरले. "का शिकवत नाही?" मी विचारले.

"शिकवताना विद्यार्थ्याकडे टक लावून पाहावे लागते. परस्त्रीकडे तसे पाहणे माझ्या नेमात बसत नाही."

"मग नका पाहू," मी धापा टाकत म्हणाले, "पाठ करून बसा. माझा आजार श्वासाचा आहे आणि तो ऐकू येतो. इथून रस्त्यापर्यंत जात असेल!"

आत माईंच्या हातातली पळी खाली पडली. त्या हसत होत्या. अण्णा मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "हा मुद्दा बरोबर आहे."

अशी आमची शाळा भरू लागली. पहाटेची अंघोळ झाली की अण्णा ओसरीच्या कडेला वाडीकडे तोंड करून बसायचे. त्यांच्यामागे माजघरात घोंगडीवर मी. माझे हातपाय नीट आहेत की नाहीत हे पाहायला माई. आता इतकी वर्षे ज्या बाईचा नवरा रोज योग करतो, तिने तो एकदाही केलेला नव्हता. मी म्हटले, बघत काय बसता, तुम्हीही या. त्या "इश्श" म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी घोंगडीवर आल्या. नऊवारीचा काष्टा या कामाला फार सोयीचा, हे मला तेव्हा कळले. आमच्या शाळेतल्या नव्या मुलींच्या पाचवारीत हे जमायचे नाही.

सुरुवात जलनेतीने झाली. कोमट पाण्यात मीठ घालून बारीक तोटीच्या झारीने ते एका नाकपुडीतून ओतायचे, म्हणजे दुसरीतून बाहेर येते. माझे दुसरीतून आले नाही. ते घशात गेले, डोळ्यांतून आले आणि मी घरादाराला ऐकू जाईल असे शिंकले. "मान वाकडी केली नाहीत तुम्ही," अण्णा पाठ न फिरवता म्हणाले. "तोंडाने श्वास घ्या म्हटले होते, तुम्ही नाकाने घेतलात." सगळे त्यांना कानानेच कळत होते.

मग भुजंगासन, मत्स्यासन, पाय भिंतीला वर टेकून पडणे, आणि शेवटी नुसते निश्चल पडणे. हे शेवटचे सर्वांत अवघड. आम्हा बायकांना काही न करता पडायची सवयच नसते, माई मध्येच डोळे उघडून "दूध उतू गेलं का गो?" म्हणायच्या. पण खरी शिकवणी श्वासाची. पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "तुम्हाला वाटते, तुम्हाला श्वास मिळत नाही. तसे नाही. तुम्ही जुना श्वास सोडतच नाही. छाती आधीच भरलेली, नवा जाईल कुठे? घ्यायचा विचार सोडा. सोडायचा विचार करा. सावकाश, शेवटपर्यंत. घेणे आपोआप होईल."

हे वाचायला सोपे आहे. ज्याला दमा आहे त्याने करून पाहावे. श्वास अडकला की जीव घाबरतो, आणि घाबरला की माणूस आणखी ओढतो. मला वाटायचे, जवळ आहे तोही सोडला तर मरेन की काय. पण माझ्यासमोर ती सरळ पाठ असायची आणि ती म्हणायची, "सोडा. अजून आहे आत. सोडा." आणि खरेच अजून असायचा.

माझ्याजवळ डॉक्टरांच्या पुड्या होत्या. मी मोठ्या भक्तिभावाने अण्णांना विचारले, आता त्या टाकून देऊ का? ते चांगलेच रागावले. "पुडी नेहमी जवळ ठेवायची. लागली की घ्यायची. योग म्हणजे डॉक्टरशी भांडण नव्हे." वाचकांपैकी कुणाला उत्साह आला असेल, तर हे आधी लक्षात ठेवावे.

फरक कधी पडला ते नेमके सांगता येत नाही. एक दिवस उठले तेव्हा उशीवर डोके होते. यात काय विशेष, असे कुणी म्हणेल. पण मी कित्येक महिने भिंतीला टेकून, उशांची उतरंड लावून बसून झोपत होते. आडवी झोपले आणि आडवीच उठले, याचा मला इतका आनंद झाला की मी माईंना हाक मारून उठवले. मग भूक लागू लागली. संध्याकाळी समुद्रावर जाऊन सुरूच्या झाडांपर्यंत चालता येऊ लागले. आणि एक गोष्ट मी स्वतःहून कबूल केली नसती, ती माईंनी सांगितली: "आलीस तेव्हा किती खेकसायचीस गो! आता बोलतेस माणसासारखी." माईंची स्वतःची पाठही सरळ होत चालली होती. फडताळातला वरचा डबा त्यांनी शिडीशिवाय काढला तेव्हा अण्णांना दाखवायला त्या धावत गेल्या, आणि अण्णा पाठ फिरवून बसल्यामुळे त्यांना तो पुन्हा ठेवून पुन्हा काढावा लागला.

अंगात आले

मागीलदारी बायका सुपारी सोलायला येत. जानकी त्यांची म्होरकी. त्याच सुमारास अण्णांनी मला भ्रामरी शिकवली. कान बोटांनी झाकायचे, ओठ मिटायचे आणि भुंग्यासारखा आवाज घुमवत श्वास सोडायचा. श्वास लांबवायला आणि मन शांत करायला याच्यासारखा उपाय नाही. आम्ही दोघी ते रोज करू लागलो. एके दिवशी मी एकटीच ते करत होते. न्हाणे झाले होते, म्हणून माझे केस मोकळे होते. डोळे मिटलेले, अंग किंचित डोलत असलेले, आणि नाकातून घूं घूं. मागच्या खिडकीतून कुणीतरी पाहिले असणार.

मी डोळे उघडले तेव्हा समोर पाचसहा बायका हात जोडून बसल्या होत्या. पुढ्यात नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाचे करंडे. एक म्हातारी पुढे सरकली आणि माझ्या पायावर डोके ठेवून म्हणाली, "आये, माजा ल्योक मुंबैला गिरनीत गेला तो आला न्हाय. कवा येल तेवडं सांग."

मी "अहो, मी..." म्हणेपर्यंत जानकीने चिमूटभर कुंकू घेतले आणि माझ्या कपाळावर आडवा मळवट भरला. दुसरी एक तिचा हात धरू लागली, "अगं, मास्तरीनबाय इधवा हाय!" जानकी तिच्यावरच खेकसली, "ती आसंल. देवी कुटं इधवा आसती व्हय?"

मला कळत होते की हे सांगून टाकले पाहिजे, पुसून टाकले पाहिजे. पण मी उठले नाही. खरे सांगते, मला उठावेसे वाटले नाही. माझ्या कपाळाला कुणाचे बोट लागून किती वर्षे झाली होती.

तेवढ्यात गलका ऐकून अण्णा दारात आले, मला पाहिले आणि गर्रकन वळले. रागावतानाही ते वाडीकडे तोंड करूनच रागावत होते. "माझ्या घरात हे काय चालले आहे? उद्या गाव म्हणेल, अण्णांकडे बाईच्या अंगात येते! आणि हे कुंकू... लोकांना काय तोंड दाखवू मी? बस्स झाले. शिकवणी बंद." बायका नारळ तिथेच टाकून पळाल्या. त्या म्हातारीला मी हाताला धरून थांबवले आणि मला काही ठाऊक नाही, पण तुमचा मुलगा सुखरूप असो, एवढे म्हणाले. तिने ते देवीचेच म्हणून ऐकले.

मग न्हाणीघरात जाऊन मी कुंकू धुतले आणि पोटभर रडले. शिकवणी बंद म्हणजे काय, हे माझे मलाच ठाऊक होते. अजून अर्धेसुद्धा शिकून झाले नव्हते. मोठ्या बाई वर्गात येऊन बसणार, मी व्हरांड्यात पळणार, आणि मग दिरांच्या घरचे स्वयंपाकघर. एरवी रडले की मला हटकून धाप लागते. त्या दिवशी लागली नाही, पण हे माझ्या लक्षात आले ते संध्याकाळी.

बाहेर माईंचा आवाज ऐकू आला. त्यांचा असा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. "तुम्ही नका शिकवू. मी शिकवीन. इतके दिवस मी काय डोळे मिटून बसले होते? आणि गावाला तोंड कसं दाखवायचं ते तुमचं तुम्ही बघा. तसंही तुम्ही पाठच दाखवता."

दुसऱ्या दिवशी ओसरी रिकामी होती. माईंनी घोंगडी घातली आणि आम्ही सुरुवात केली. माईंचा श्वासाचा क्रम चुकला. त्याबरोबर लांबून, विहिरीच्या बाजूने, कुणीतरी जोरात खाकरले. माई थांबल्या, क्रम बदलला. खाकरणे बंद झाले. मी पदर तोंडाशी धरून हसू दाबले. पुढचे कितीतरी दिवस आमची शिकवणी अशीच चालली. बिचाऱ्या अण्णांचा घसा त्या दिवसांत फार खराब झाला.

बोर्लीच्या वाटेवर

नेतीचे मीठ संपले म्हणून मी जानकीबरोबर बोर्लीच्या बाजाराला गेले. मला आता चालण्याची घमेंडच आली होती, गाडी नको म्हटले. बाजारात भाट्या व्यापाऱ्याच्या दुकानी उरणच्या मिठागरातले जाडे मीठ मिळाले. सुक्या मासळीच्या बाजूने जाताना मी नाक धरले, तर जानकी म्हणाली, "आता का धरता? रोज तर नाक धरायचीच शाळा हाय तुमची." बांगड्या भरायला बसलेल्या एका मुसलमान बाईने मला हाक मारली, माझे मोकळे हात पाहिले आणि काही न बोलता शेजारी बसायला जागा करून पाणी दिले. बाजारात असे बसायला मिळणे मला अपूर्वाईचे होते. पुण्यात मी वाण्याकडून निघते ती घरीच थांबते.

परतताना जानकीच्या सासरचे खळे वाटेत होते. भाताची झोडणी चालली होती. नव्या भाताचे पोहे खाल्ल्याशिवाय ती मला सोडीना. आठदहा बायका-पुरुष पेंढ्या आपटत होते आणि उन्हात सगळीकडे बारीक तूस उडत होते. मला ते सुंदर दिसले. मी जवळ जाऊन उभी राहिले. किती मूर्खपणा!

चार घास खाल्ले नाहीत तोच छाती आवळली. शिट्टी नाही, थेट कुलूप. मी कनवटीला हात घातला आणि आठवले की पुडी माजघरातल्या कोनाड्यात आहे. दिवेआगर अजून मैलभर लांब. डॉक्टर तर त्याहून किती लांब, कोण जाणे. मी बांधावर बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी ओढत होते, आणखी ओढत होते, आणि काहीच आत जात नव्हते. मरण असे बांधावर, तुसात, हातात मिठाची पुरचुंडी घेऊन येणार, असे मला स्पष्ट वाटले.

जानकीने मला उचलून वाऱ्याच्या बाजूला, तुसापासून लांब नेऊन बसवले. मग ती ओरडली, "आये तापली गं! या समद्या, शांत करा तिला!" हातातल्या पेंढ्या टाकून बायका धावत आल्या, माझ्याभोवती बसल्या. आणि जानकीने कान झाकले, ओठ मिटले आणि घूं असा आवाज काढला. देवीला हेच आवडते, हे तिने खिडकीतून पाहिलेच होते. एकेक करून सगळ्या घुमू लागल्या. ती मुंबईच्या मुलाची म्हातारीही त्यांत होती. तिचा आवाज सर्वांत बारीक आणि सर्वांत लांब.

त्या आवाजात मला अण्णांची पाठ दिसली. सोडा. अजून आहे आत. मी ओढायचे थांबवले आणि होता तो श्वास त्या घुमण्याबरोबर सोडला. तोंडातून आवाज धड निघेना. पुन्हा सोडला. थोडे आत गेले. मग त्यांच्याबरोबर मी घुमू लागले. त्या थांबल्या की थांबत होते, सुरू झाल्या की सुरू होत होते. किती वेळ गेला कोण जाणे. कुलूप एकदम उघडले नाही, हळूहळू सैल झाले. आणि मध्येच केव्हातरी माझ्या ध्यानात आले की मला भीती वाटत नाही. छाती अजून वाजत होती, पण मी घाबरलेली नव्हते. दमा लागला आहे आणि मी घाबरलेली नाही, असे आयुष्यात पहिल्यांदा घडत होते.

बोलता येऊ लागल्यावर मी जानकीला नीट समजावून सांगितले की ही देवी नव्हे, हा आजार आहे, याला दमा म्हणतात. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "आसंल बाय. पन गेली ना?"

घरी पोचायच्या आधीच तिच्या आवाजाने सबंध हकीकत वाडीत पोचली होती. माई धावत आल्या, पुडी दिली, मला पोटाशी धरले. अण्णा ओसरीच्या कडेला नेहमीच्या जागी बसले होते. किती दिवसांनी! "पुडी का नेली नाहीत?" ते वाडीकडे बघत ओरडले. मी चूक कबूल केली. मग ते जरा वेळाने म्हणाले, "श्वास ऐकू द्या." मी त्यांच्यामागे बसले. सावकाश घेतला आणि शेवटपर्यंत सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला.

अण्णा उठले, वळले आणि माझ्या समोर येऊन बसले. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळले. ते म्हणाले, "मुलीकडे बघायला नेम आड येत नाही. उरलेले समोर बसून शिकवतो."

पुणे

दमा गेला का, हा दुसरा प्रश्न सगळे विचारतात. गेला नाही. तो येतो, पण पूर्वीपेक्षा कमी येतो आणि आला तरी लवकर जातो. रोज पहाटे मी घोंगडी घालते. झोप लागते, अन्न पचते, जिना चढताना कठड्याला धरावे लागत नाही. चिडचिड कमी झाली आहे, असे शाळेतल्या सोबतिणी म्हणतात, मी त्यांच्यावर चिडत नाही तोवर. हे सगळे एका महिन्याचे नव्हे, रोजचे आहे. चार दिवस आळस केला की छाती लगेच आठवण करून देते.

शाळा उघडली त्या दिवशी मोठ्या बाई ठरल्याप्रमाणे माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या. मी कविता घेतली होती. निम्मी झाली, आणि आली ती ओळखीची शिट्टी. वर्ग एकदम गप्प झाला. पुढच्या बाकावरच्या मुलीने दाराकडे बघितले, कारण अशा वेळी बाई तिकडे पळतात हे तिला ठाऊक होते. मी खुर्चीवर बसले. "जरा थांबा हं मुलींनो," म्हटले. डोळे मिटले नाहीत, लाजले नाही. श्वास सोडला. अजून होता, तोही सोडला. मुली थांबल्या होत्या. बाहेर कुणीतरी घंटेच्या खाली पाणी शिंपडत होते, त्याचा आवाज येत होता. मग मी उठून उभी राहिले, पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली आणि तास संपेपर्यंत वाचत राहिले.

मुली गेल्यावर मोठ्या बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"म्हणजे दमा गेलेला नाही तुमचा."

"नाही."

"मग तिकडे जाऊन झाले काय?"

"आता तो आला तरी मी वर्गातून जात नाही."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून म्हणाल्या, "सोमवारपासून सातवीचा वर्गही तुम्हीच घ्या."